खांद्याची कळ

आमच्या घरातल्या जुन्या गोष्टींना तारखा नसायच्या, खुणा असायच्या. प्लेगच्या साली, जॅक्सनच्या खुनानंतर, मोठ्या पुराच्या आदल्या दिवाळीत. माझी आजी लग्न होऊन पंचवटीतल्या वाड्यात आली ती ‘सारडा कायदा लागायच्या आत’. १ एप्रिल १९३० पासून चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा ठरणार होतं. म्हणून त्याआधीच्या माघ-फाल्गुनात ठिकठिकाणी लग्नांची झुंबड उडाली आणि तेरा वर्षांची आजी त्या झुंबडीत उजवली. त्याच मार्च महिन्याच्या २ तारखेला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या मागे हजारो माणसं आली आणि मंदिराचे दरवाजे लावून घेतले गेले. आमचा वाडा तिथून हाकेच्या अंतरावर. नव्या नवरीला त्यातलं दिसलं ते दिंडीच्या फटीतून दिसेल तेवढंच. बायकांनी उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, असा घरात हुकूम होता.

आजीची थोरली जाऊ त्याच वर्षी गेली, सत्याग्रह चालू असताना.

ही गोष्ट माझ्यापर्यंत आली ती आत्याकडून. आजीच्या बाकीच्या गोष्टी दर वेळी थोड्या फुगायच्या. पुराचं पाणी एक पायरी वर चढायचं, चोर एकाचे तीन व्हायचे. ही गोष्ट मात्र कधी वाढली नाही. तिच्यातला प्रत्येक तपशील जागच्या जागी राहिला, आणि आत्याचं म्हणणं असं की ज्या गोष्टीचा अर्थ लागलेला नसतो तीच माणूस जशीच्या तशी सांगतो.

थोरल्या जाऊबाई विशीच्या होत्या. एक मुलगी, चार वर्षांची. तिच्या वेळी महिनाभर ताप होता, बाळंतरोग झाला होता म्हणत. त्यानंतर काही नाही. मग चार वर्षांनी त्यांची पाळी चुकली. हे घरात कुणी कुणाला सांगायची गरजच नव्हती. बाई दर महिन्याला मागच्या खोलीत बसते की नाही ते सासूपासून पाणक्यापर्यंत सगळ्यांना दिसायचं. दीड महिना झाला तरी जाऊबाई बसल्या नाहीत, तेव्हा माझ्या पणजीनं देवाजवळ साखर ठेवली. आणि मग एका सकाळी डाग दिसला. थोडासाच, काळपट, नेहमीसारखा नाही. पण डाग तो डाग. जाऊबाई मागच्या खोलीत गेल्या, पणजी हिरमुसली, आणि ‘लांबली होती, आली’ असा घराचा निकाल झाला.

त्याच दिवशी संध्याकाळी ओटीपोटात उजवीकडे दुखायला लागलं. नळ भरले असतील म्हणून ओवा दिला, बेंबीवर हिंगाचा लेप सांगितला, गरम विटकर फडक्यात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवली. ती आतून त्यांनी स्वतःच ओढून घेतली. रात्री कळ एकदम वाढली, मग चमत्कारिकपणे थोडी कमी झाली. पहाटे त्यांना सारखं परसाकडे लागल्यासारखं व्हायला लागलं. दोनदा गेल्या, काही झालं नाही. तिसऱ्यांदा उठल्या त्या दारातच कोसळल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा चेहरा सोललेल्या कांद्यासारखा. त्यांना आडवं व्हायला सांगितलं. आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, खांदा फार दुखतोय. पोट नाही, खांदा. पणजी म्हणाली, हंडा उचलला असशील.

आजी इथे दर वेळी थांबायची. दोन दिवस त्या बाजूला बसलेल्या, त्यांना हंड्याला हात लावायची मुभाच नव्हती. मग खांदा कशानं दुखेल? तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हा प्रश्न अडकला आणि जन्मभर अडकून राहिला.

त्यांनी पाणी मागितलं. आजीनं ते वरून ओतलं, कारण शिवायचं नव्हतं. त्या कोसळल्या तेव्हाही कुणी धरलं नव्हतं. आधी कुणी शिवायचं, कुणी आंघोळ करायची, यात वेळ गेला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. अंगावरून चार थेंबांपलीकडे काही गेलं नव्हतं. घाटावरच्या आसरांनी नेली, असं ठरलं. मंदिराच्या दारात माणसं अस्पृश्यता मोडायला बसली होती आणि इकडे वाड्यात हे. जन्मभराच्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अस्पृश्यतेची आणि चार दिवसांच्या विटाळाची मी तुलना करत नाही, करूही नये. पण आजीच्या मनात ती दोन दारं शेजारी-शेजारी होती. पुढे दादासाहेब गायकवाडांचं नाव निघालं की तिला हमखास जाऊबाई आठवायच्या, आणि ऐकणाऱ्याला त्याचा संबंध लागायचा नाही.

अर्थ लागला तो आत्याला, पस्तीसेक वर्षांनी. ती नर्सिंग शिकायला गेली तेव्हा घरात भांडण झालं होतं. आपल्या घरातल्या मुलीनं लोकांची भांडी उचलायची का, असा प्रश्न काकांनी विचारला, आणि आजोबांचाही कल तिकडेच होता. आजीनं दोन दिवस जेवण सोडलं आणि परवानगी मिळवली. प्रशिक्षणात एके दिवशी सिस्टर ट्यूटरनी फळ्यावर गर्भाशय काढलं, दोन बाजूंच्या दोन नळ्या काढल्या आणि एका नळीत खडूचा ठिपका दिला. पाळी चुकते, मग अवेळी थोडा काळपट स्राव, एका बाजूला दुखणं, शौचाला लागल्याची भावना, भोवळ, आणि खांद्याच्या टोकाला कळ. आत्या सांगते, माझी पेन्सिल थांबली. हे सगळं मला पाठ होतं, फक्त पुस्तकातलं म्हणून नाही.

बीज फलित होतं ते नळीतच. तिथून गर्भाशयात उतरायला त्याला काही दिवस लागतात. नळी साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि गर्भाशयाजवळ तिची पोकळी मिलिमीटरभर. आतलं अस्तर कधी जंतुसंसर्गानं, कधी क्षयानं, कधी आधीच्या शस्त्रक्रियेनं खराब झालेलं असलं की गर्भ वाटेतच अडकतो आणि तिथेच रुजतो. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा अशा भलत्या जागी होतात, आणि त्यांतल्या नव्वदहून अधिक टक्के नळीत. जाऊबाईंचा तो महिनाभराचा ताप आणि नंतरची चार कोरडी वर्षं आत्याला तेव्हा उमगली. अर्थात, ज्यांना हे होतं त्यांतल्या जवळपास निम्म्या बायकांच्या बाबतीत असलं कुठलंच कारण मागे सापडत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नव्हता कधी’ हे उत्तर कुणाला निर्धास्त करायला पुरत नाही.

नळीला गर्भाशयासारखं ताणता येत नाही. सहाव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास ती फाटते आणि रक्त पोटाच्या पोकळीत जमा होऊ लागतं. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात रक्त साडेतीन लिटरच्या आसपास. त्यातलं दीड-दोन लिटर बाहेर थेंबही न दिसता पोटात साठू शकतं. फाटल्यावर ताण सुटतो, म्हणून मधेच दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. जाऊबाईंची रात्रीची ती ‘थोडी कमी’ म्हणजे तेच असणार. रक्त खाली, गुदाशयाच्या पुढच्या खोबणीत साचलं की सारखं शौचाला लागल्यासारखं होतं. आणि खांदा? पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला जाणारी नस मानेतून निघते, आणि खांद्यावरच्या कातडीच्या नसाही मानेतल्या त्याच मणक्यांपाशी उगम पावतात. साचलेलं रक्त पडद्याला जाऊन भिडलं की मेंदूला ठिकाण नीट कळत नाही, कळ खांद्यात उमटते. बाई बसलेली असते तोवर रक्त ओटीपोटात असतं. आडवी झाली की ते वर सरकतं. ‘आडव्या झाल्या आणि म्हणाल्या’ हा आजीचा क्रम होता, आणि तिनं तो कधी उलटा सांगितला नाही.

मला वाटतं, आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टींवर आपण उगाच शंका घेतो. त्यांचं निदान चुकीचं असायचं, नोंद नाही. आसरा, करणी, दृष्ट हा शेवटचा शेरा काढून टाका, वरचा मजकूर बहुधा केसपेपर असतो.

आणि त्या केसपेपरवर पाळीची तारीख बिनचूक असायची. बाजूला बसण्याच्या चालीबद्दल मला तिळमात्र प्रेम नाही. पण तिनं एक गोष्ट उघड्यावर ठेवली होती: कुणाची पाळी कधी आली, कुणाची चुकली. आज ती तारीख बाईच्या एकटीच्या डोक्यात असते, फार तर मोबाइलमधल्या एखाद्या ॲपमध्ये. घरातल्या माणसांना माहीत नसते, आणि भोवळ येऊन पडलेल्या बाईला विचारता येत नाही. जुन्या घराला तारीख ठाऊक होती, पण हात लावायचा नव्हता. नव्या घरात हात लावायला सगळे तयार, पण काय विचारायचं ते कुणाला ठाऊक नाही.

१९३० साली जाऊबाईंना वाचवणारं ज्ञान जगात होतं का? होतं. बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट लॉसन टेट या सर्जननं १८८३ साली फाटलेली नळी बांधून, काढून एका बाईचा जीव वाचवला. त्याच्या दोन वर्षं आधी अशाच एका रुग्णाचं पोट उघडायला तो धजावला नव्हता आणि ती गेली होती. शवविच्छेदनात त्याला दिसलं की रक्तस्राव थांबवणं हाताच्या अंतरावर होतं. १९१४ साली जर्मनीत योहानेस थीस यानं अशा बायकांच्या पोटात साठलेलं त्यांचंच रक्त गाळून परत त्यांच्या शिरेत चढवलं. म्हणजे ज्ञान होतं. ते मागच्या खोलीपर्यंत यायला सासूची, विटाळाची आणि पुरुष डॉक्टरची अशा तीन चौक्या ओलांडाव्या लागल्या असत्या.

क्वचित असंही होतं की नळीतून सुटलेला गर्भ पोटातच दुसरीकडे रुजतो, वाढतो, मरतो आणि आई जगते. दहाव्या-अकराव्या शतकात कोर्दोबाच्या अल्‌-झहरावी या शल्यवैद्यानं एका बाईच्या पोटावरच्या गळवातून गर्भाची हाडं बाहेर आल्याचं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे २०१४ साली नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात साठीच्या एका बाईच्या पोटातून असाच गर्भाचा सांगाडा काढला. छत्तीस वर्षं तो तिच्या पोटात होता. तरुणपणी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, ती घाबरली आणि गावी परत गेली. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून छापलं. आत्यानं कात्रण वाचून बाजूला ठेवलं. “चमत्कार कसला? छत्तीस वर्षं पोट दुखलं असेल तर कुणी विचारलं नाही, एवढंच.”

आत्याची नोकरी पेठ तालुक्यात गेली, उपकेंद्राची नर्सबाई म्हणून. तिथली तिची एक गोष्ट मला जाऊबाईंच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. ऐंशीच्या दशकातला पावसाळा. तीन मुलं झालेली बाई, बिनटाक्याचं ऑपरेशन होऊन तीन-चार वर्षं झालेली. पोटात दुखतंय, उलटी होतेय, चक्कर येतेय. भगतानं अंडं उतरवलं होतं, एका डॉक्टरनं जंताचं औषध दिलं होतं. आत्यानं पाळीचं विचारलं तर नवरा हसला. “बाई, ऑपरेशन झालंय तिचं, दिवस कसे राहतील?” बाईनंही मान हलवली.

हे वाक्य आत्या आजही चिडून सांगते, कारण ते बिनचूक वाटतं आणि जीव घेतं. ऑपरेशननंतर दिवस राहणं फार दुर्मीळ, हे खरं. पण राहिले तर नळीत राहण्याची शक्यता वाढते, कारण बांधलेल्या नळीला बारीक वाट फुटली तर पुरुषबीज त्यातून जातं, त्याहून कितीतरी मोठं झालेलं फलित बीज परत येऊ शकत नाही. अमेरिकेत दहा हजारांवर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १९९७ साली निष्कर्ष छापले गेले. ऑपरेशन फसून दिवस राहिलेल्या १४३ गर्भधारणांपैकी ४७ भलत्या जागी होत्या, म्हणजे तीनात एक. महाराष्ट्रात कुटुंब नियोजनाचा भार वर्षानुवर्षं बायकांच्याच नळ्यांवर टाकला गेला, तेव्हा हा आकडा इथल्या प्रत्येक शिबिरात, घरी जाताना सांगायला हवा होता. तांबीचंही तसंच. तांबी असताना दिवस सहसा राहत नाहीत, पण राहिले तर आधी जागा तपासायची.

आत्यानं त्या बाईची पापणी खाली ओढून पाहिली, नाडी धरली. रक्तदाब अजून बरा होता, नाडी मात्र पळत होती. तरुण बाईचं शरीर बराच वेळ निभावून नेतं आणि मग एकदम ढासळतं, म्हणून पहिल्या आकड्यावर विसंबायचं नाही हे तिला शिकवलेलं होतं. सावळघाटातून दुधाच्या गाडीत घालून नाशिकला आणलं. पोट उघडलं तेव्हा ते रक्तानं भरलेलं. त्या रात्री तिच्या गटाचं रक्त मिळेना. सर्जननं पोटातलं रक्त वाटीनं उचललं, गॉजच्या घड्यांवर गाळलं, सायट्रेटच्या बाटलीत भरलं आणि तिलाच चढवलं. थीसची कृती, सत्तर वर्षांनी. आत्या बाटली धरून उभी होती. ती बाई वाचली, आणि पुढच्या बाजारी उपकेंद्रावर येऊन आत्याला नागलीची भाकर देऊन गेली.

आता पुष्कळ सोपं झालं आहे. पट्टीवर दोन रेघा दिसल्या की गर्भ आहे एवढं कळतं. तो कुठे आहे ते पट्टी सांगत नाही. ते आतून केलेल्या सोनोग्राफीत दिसतं, आणि तिथेही उलगडा झाला नाही तर बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी दोन दिवसांच्या अंतरानं करतात. नीट रुजलेल्या गर्भात तो आकडा त्या अवधीत दुपटीकडे जातो, भलत्या जागी बहुधा रेंगाळतो. लवकर सापडलं, नळी फाटलेली नसली, तर मेथोट्रेक्सेट या मुळात कर्करोगावरच्या औषधाच्या इंजेक्शननंही भागतं. ही वाट १९८२ साली जपानी डॉक्टरांनी दाखवली. नाही तर दुर्बिणीतून नळी काढतात. गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येईल का, हे बायका हमखास विचारतात. नाही, तसं करता येत नाही. पण एक नळी गेली तरी दुसरीच्या जोरावर पुढे मूल होतं, बहुतेकींना होतं. फक्त पुन्हा असंच होण्याची शक्यता दहात एक असते, म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकताच सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी.

या सोप्या काळानं नवं भोक पाडलं ते मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांचं. गर्भपाताच्या गोळ्या गर्भाशयावर काम करतात, नळीतल्या गर्भावर नाही. गोळ्या घेतल्या की रक्तस्राव होतो, बाईला वाटतं सुटले, आणि तिकडे नळीत वाढ चालूच राहते. चार दिवसांनी पोटात दुखलं तर ते गोळ्यांचंच धरलं जातं. गर्भपात करून घ्यायचा हक्क १९७१ च्या कायद्यानं दिला आहे. तो सोनोग्राफी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बजावला तर हा सापळा टळतो. आपल्याकडे लाज एवढी की बाई हक्काच्या दारानं न जाता मागच्या दारानं जाते.

आत्या निवृत्त झाल्यावरही बराच काळ आशा कार्यकर्त्यांच्या बैठकांना जायची. तिची शिकवणी दोन-तीन प्रश्नांची. ‘पाळी कधी आली?’ असं विचारायचंच नाही, कारण बाई डागालाच पाळी धरून तारीख सांगते. विचारायचं, ‘मागची पाळी नेहमीसारखी होती का? तिच्या मागची?’ मग, दुखतंय ते एका बाजूला का, आडवं झाल्यावर खांद्यात कळ येते का, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली का. यातलं काहीही जुळलं तर शेक नाही, जुलाब नाही, तोंडानं काही नाही, सकाळची वाट नाही. १०८ ला फोन, आणि फोनवर ‘पोटात दुखतंय’ नाही म्हणायचं, ‘दिवस गेलेले असू शकतात आणि चक्कर येतेय’ म्हणायचं. सोबत रक्त देऊ शकेल असा एक धडधाकट माणूस.

अशाच एका बैठकीत सुरगाण्याकडची एक मुलगी उठून म्हणाली, “ताई, आमच्याकडचे पुरुष द्राक्षाच्या कामाला महिनोन्‌महिने दिंडोरीला असतात. अशा बाईला दिवस गेलेत का विचारलं तर ती नाहीच म्हणणार.”

“नाहीच म्हणणार,” आत्या म्हणाली. “म्हणून आधी खोलीतून सगळ्यांना बाहेर काढायचं. सासूलासुद्धा. मग विचारायचं. तरीही नाही म्हणाली, तरी पट्टी करायची.”